पाहुणे खाना झाले

‘‘फोनसमोर कागद धरला की तो वाचून दाखवतो. मग तुझ्या पीएचडीत आता उरलंय काय?’’ मामांनी हे विचारलं तेव्हा माझ्या लॅपटॉपवर नेमकं एक वाक्य उघडं होतं. कोणीतरी हातानं लिहिलं होतं, ‘पाहुणे रवाना झाले’. हस्ताक्षर वाचायला मी शिकवत असलेल्या संगणक-प्रोग्रॅमनं, म्हणजे माझ्या मॉडेलनं, वाचलं होतं, ‘पाहुणे खाना झाले’. मामा पोटभर हसले. मग चष्मा वर करून म्हणाले, ‘‘पण याचा ‘र’ आणि ‘व’ चिकटलेत की रे. कोणालाही ‘ख’च वाटेल.’’ मामांना मात्र तो ‘ख’ वाटला नव्हता. पहिल्या नजरेत त्यांनी ‘रवाना’ वाचलं होतं. माझा सगळा प्रबंध या एवढ्याशा फरकावर उभा आहे.

बहुतेकांची समजूत अशी असते की यंत्र एकेक अक्षर उचलतं, आपल्याकडच्या नमुन्यांशी ताडून पाहतं आणि पुढे सरकतं. अक्षर सुटं असेल तर साधारण तसंच होतं, आणि ते काम आता जुनं झालं. एमनिस्ट नावाचा हस्तलिखित अंकांचा प्रसिद्ध संग्रह आहे. २८ × २८ पिक्सेलचे चौकोन, प्रत्येकात एकच अंक, शिकवायला ६०,००० आणि परीक्षेला १०,०००. नवा विद्यार्थी थोड्याच दिवसांत त्यावर ९९ टक्के मिळवतो आणि हस्ताक्षराचा प्रश्न सुटला असं समजतो. मीही समजलो होतो. पण कागदावर कोणी अक्षरांना चौकटी आखून देत नाही.

केनेथ सेअर या संशोधकानं १९७३ मध्येच हा पेच मांडून ठेवला आहे. जोडून लिहिलेला शब्द ओळखायचा तर आधी त्याची अक्षरं सुटी करायला हवीत, आणि सुटी करायची तर ती आधी ओळखायला हवीत. समोरचं चित्र ‘र’ आणि ‘व’ म्हणून मधून कापायचं की ‘ख’ म्हणून अख्खं ठेवायचं? देवनागरीसाठी एक जुनी युक्ती होती. ज्या आडव्या ओळीत सर्वांत जास्त काळे ठिपके ती शिरोरेषा. ती पुसायची, की खाली अक्षरं सुटी होतात. छापील मजकुरावर हे झकास चालतं. हातानं लिहिताना मात्र कोणाची रेघ वर चढत जाते, कोणाची मधेच तुटते, आणि घाईत लिहिणारे ती देतच नाहीत.

या पेचातून सुटायचा मार्ग २००६ मध्ये अ‍ॅलेक्स ग्रेव्ह्ज हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला. त्याचं लांबलचक नाव कनेक्शनिस्ट टेम्पोरल क्लासिफिकेशन. आम्ही नुसतं सीटीसी म्हणतो. मला विचाराल तर या विषयातली ही सर्वांत देखणी कल्पना आहे, त्यामुळे जरा रेंगाळतो.

कापायचंच नाही. शब्दाच्या चित्रावरून डावीकडून उजवीकडे अरुंद उभ्या पट्ट्या घ्यायच्या. प्रत्येक पट्टीपाशी नेटवर्क (मॉडेलचा उदाहरणांवरून शिकणारा भाग) सांगतं, इथे ‘न’ असण्याची शक्यता इतकी, ‘म’ची इतकी. यादीत एक जादा चिन्ह असतं, रिक्त. म्हणजे ‘इथे सांगण्यासारखं काही नाही’. ते आपण ० असं लिहू. शेवटी दोन नियम लावायचे. लागोपाठ आलेलं तेच अक्षर एकदाच धरायचं, आणि मग रिक्त चिन्हं गाळायची. ‘न न ० म म न’ याचं झालं ‘नमन’. ‘० न म म ० न’ याचंही ‘नमन’च. रिक्त चिन्ह नसतं तर ‘ममता’ची कायमची ‘मता’ झाली असती, कारण दोन ‘म’ एकमेकांत विरघळले असते. मधे रिक्त आलं की ते वेगळे राहतात.

शिकवताना आम्ही फक्त चित्र देतो आणि सोबत ‘नमन’ हे उत्तर देतो. कुठली पट्टी कुठल्या अक्षराची, हे कोणीच सांगत नाही. सहा पट्ट्यांतून ‘नमन’ निघेल अशा ८४ वाटा, म्हणजे चिन्हांच्या वेगवेगळ्या रांगा, आहेत. पट्ट्या साठ केल्या की वाटा होतात ६,७९,४५,५२१. हे झालं तीन अक्षरांचं. अख्ख्या ओळीचा आकडा लिहायला ही जागा पुरायची नाही. नेटवर्कला सांगायचं असतं, की बाबा, या सगळ्या वाटांच्या शक्यतांची बेरीज वाढव. पण मोजायच्या कशा?

एक तक्ता आखा. उभ्यानं सात ओळी: ०, न, ०, म, ०, न, ०. आडव्यानं पट्ट्या. पहिल्या स्तंभात फक्त वरची दोन घरं भरायची, कारण सुरुवात एक तर रिक्तानं होते किंवा पहिल्या अक्षरानं. त्यानंतर प्रत्येक घरासाठी डावीकडच्या स्तंभात पाहायचं. त्याच ओळीतलं घर आणि त्याच्या वरचं घर यांची बेरीज घ्यायची. घर अक्षराचं असेल तर मधलं रिक्त ओलांडून आधीच्या अक्षराचं घरही धरायचं (दोन्ही अक्षरं तीच असतील तर नाही, ‘ममता’ आठवा). बेरजेला त्या पट्टीतल्या त्या चिन्हाच्या शक्यतेनं गुणायचं. शेवटच्या स्तंभातल्या खालच्या दोन घरांची बेरीज म्हणजे सगळ्या वाटांची बेरीज. साठ पट्ट्यांना ४२० घरं, बस्स. विश्वास बसत नसेल तर सहा पट्ट्या घेऊन सगळ्या शक्यता १ धरा आणि वहीत करून बघा. शेवटी ५६ आणि २८ येतात, म्हणजे ८४. इथे ज्यांना झोप आली असेल त्यांनी पुढचा परिच्छेद गाठावा.

२००९ मध्ये याच पद्धतीनं, एलएसटीएम नावाच्या स्मरण ठेवणाऱ्या नेटवर्कच्या जोडीनं, हस्तलेखन वाचण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. तरी ‘खाना’ उरतोच, कारण चित्र खरोखरच दोन्हींसारखं आहे. तिथे भाषा लागते. रशियन गणिती आंद्रेई मार्कोव यांनी १९१३ मध्ये पुश्किन या रशियन कवीच्या काव्यातली २०,००० अक्षरं घेऊन स्वरामागून स्वर किती वेळा आणि व्यंजन किती वेळा येतं ते मोजलं होतं. आजचं भाषेचं मॉडेल त्याच मोजणीचा पणतू. ‘पाहुणे’ आणि ‘झाले’ यांच्यामधे ‘रवाना’ शोभतं, हे ते जाणतं. उलट ‘दवा’च्या पुढे तोच आकार आला, तर ‘दवाखाना’ वाचतं, ‘दवारवाना’ नाही.

ही भाषेची मदत बेतानं घ्यावी लागते. मुलानं वहीत ‘पाणि’ लिहिलं आणि यंत्रानं ‘पाणी’ वाचलं, तर ते वाचन नव्हे, दुरुस्ती. शुद्धलेखन तपासणाऱ्या शिक्षकाला किंवा जुनी पत्रं अभ्यासणाऱ्याला असा मदतनीस घातक. म्हणूनच ‘९९ टक्के अचूक’ या जाहिरातीनं भुलू नका. पानावर १,५०० अक्षरं असतील तर १५ चुका झाल्या, आणि त्या नेमक्या नावांत आणि आकड्यांत सापडतात, कारण तिथे भाषेचा अंदाज चालत नाही. आणि हो, हस्ताक्षरावरून स्वभाव किंवा भविष्य ‘वाचणारी’ अ‍ॅपही निघाली आहेत. वेलांटीच्या वळणावरून माणूस कंजूष ठरवणं हे कुठल्याही शास्त्रीय चाचणीत टिकलेलं नाही. त्यात न्यूरल नेटवर्क घातलं म्हणून टिकेल असंही नाही.

मामांच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र पहिली वेलांटी हे आहे. सीटीसी डावीकडून उजवीकडे जातं. ‘कि’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या डावीकडे येते, पण संगणकात ती ‘क’च्या नंतर साठवली जाते. रफाराचं उलटं. ‘दर्या’तला रफार कान्याच्या डोक्यावर बसतो, पण साठवताना ‘र’ हा ‘य’च्या आधी. शिवाय मराठीत ‘दर्या’ वेगळा आणि ‘दऱ्या’ वेगळ्या. हिंदीच्या नमुन्यांवर शिकलेल्या मॉडेलनं हा दुसरा ‘र’ सहसा पाहिलेलाच नसतो.

परवा ‘किती’ या शब्दाचा आलेख काढला, कुठल्या पट्टीवर नेटवर्क काय म्हणालं त्याचा. वेलांटीच्या सगळ्या पट्ट्यांवर रिक्त. मग ‘क’च्या दांड्यापाशी ‘क’, आणि लगेच पुढच्या पट्टीवर, जिथे कागदावर वेलांटीचा मागमूस नाही, तिथे वेलांटी. ती त्यानं तोवर धरून ठेवली होती. नियम मी सांगितला नव्हता. ‘दर्या’ मात्र अजून ‘दया’ येतो.

आलेख मामांना पाठवला. त्यांनी उत्तर मुद्दाम कागदावर लिहून फोटो धाडला. मॉडेलनं पहिले तीन शब्द बरोबर वाचले. चौथा मलाही लागला नाही.