न्यू साउथ वेल्स, १९३०–३२: एक संसद, दोन तऱ्हेचे आमदार

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या संसदेच्या जुन्या सदस्ययाद्या चाळल्या, की १९३०–३२ या मुदतीच्या दोन याद्या दिसतात. एक विधानसभेची, दुसरी विधानपरिषदेची. मांडणी अगदी सारखी: नाव, पक्ष, सदस्यत्वाची वर्षं. साहजिकच वाटतं, की ही सगळी मंडळी एकाच निवडणुकीतून एकाच मुदतीसाठी आली असणार. पण ती मुदत फक्त पहिल्या यादीची. दुसऱ्या यादीतल्यांना मुदत नावाची भानगडच नव्हती. त्या दीड वर्षात सिडनीत जे रामायण घडलं, त्यातला मोठा भाग याच फरकापायी घडला.

विधानसभेचं गणित सोपं आहे. २५ ऑक्टोबर १९३० रोजी मतदान झालं. जागा ९०, प्रत्येक मतदारसंघातून एक आमदार, मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. मतदान सक्तीचं करण्याचा कायदा १९२८ मध्ये झाला होता आणि तो पहिल्यांदा लागू झाला तो याच निवडणुकीत. महामंदीचे दिवस होते, हाताला काम नव्हतं. लोकांनी थॉमस बेव्हिन यांचं सरकार घरी पाठवलं. लेबर म्हणजे कामगार पक्षाला ५५, नॅशनलिस्ट पक्षाला २३ आणि कंट्री पक्षाला १२ जागा मिळाल्या. ऑबर्नचे आमदार जॅक लँग मुख्यमंत्री म्हणजे प्रीमियर झाले.

या ९० जणांना पगार होता, तोही १८८९ पासून. कामगार पक्षाचा माणूस सभागृहात टिकू शकला तो त्यामुळेच. कोण होतं त्या सभागृहात? लँग, बेव्हिन, पुढे लँग यांच्या खुर्चीत बसलेले बर्ट्रम स्टीव्हन्स आणि मागच्या-पुढच्या बाकांवर मॅकेल, मॅकगर, केहिल, हेफ्रन. या सात जणांनी कधी ना कधी राज्याचं प्रीमियरपद भूषवलं. शेवटचे चौघे लेबरचे आणि त्यांची पाळी १९४१ नंतर लागोपाठ आली. म्हणजे लँग सभागृहात गरजत होते तेव्हा त्यांच्या पक्षाची पुढची पिढी त्याच बाकांवर बसून राजकारणाचे धडे गिरवत होती.

आता विधानपरिषद. महाराष्ट्रातल्या वाचकाला राज्यपालनियुक्त बारा आमदार ठाऊक आहेत. त्या बारांवरून किती वाद झडतात तेही ठाऊक आहे. अशी कल्पना करा, की सगळंच सभागृह त्या कोट्यातलं आहे, एकूण संख्येवर मर्यादा नाही आणि नेमणूक सहा वर्षांची नसून तहहयात आहे. न्यू साउथ वेल्सची परिषद ही अशी होती. प्रीमियरने नावं सुचवायची, गव्हर्नरने नेमायची. पगार नाही, मतदारसंघ नाही, मतदारांपुढे हात जोडणं नाही. १९०४ ते १९०७ प्रीमियर राहिलेले सर जोसेफ कॅरुथर्स १९०८ पासून तिथे होते. लेबरच्या बाजूने खाणकामगारांचे नेते ए. सी. विलिस होते. अध्यक्षपदी सर जॉन पेडन, सिडनी विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक. थोडक्यात, परिषदेची १९३०–३२ ची यादी म्हणजे त्या निवडणुकीचा निकाल नव्हे. आधीच्या कित्येक सरकारांनी आपापल्या वेळी बसवलेल्या माणसांची ती बेरीज आहे.

इथे एक गंमत आहे, आणि माझ्या मते दोन्ही सभागृहांतला खरा फरक तिच्यातच दिसतो. नेमणारा प्रीमियर असला, तरी एकदा नेमलेल्याला काढणं त्याच्या हातात नव्हतं. विधानसभेतल्या आमदाराने पक्षाचा शब्द मोडला तर पुढच्या निवडणुकीत तिकीट कापता येतं. परिषदेतल्या माणसाचं काय कापणार? लँग यांनी १९२५ च्या अखेरीस, पहिल्या कारकिर्दीत, परिषद मोडून टाकण्यासाठीच २५ नवे सदस्य गव्हर्नरकडून नेमून घेतले होते. शेजारच्या क्वीन्सलँडमध्ये लेबरने हीच युक्ती करून १९२२ मध्ये वरचं सभागृह गुंडाळलंही होतं. पण सिडनीत १९२६ मध्ये ऐन वेळी लँग यांच्याच काही माणसांनी पाठ फिरवली आणि विधेयक पडलं. पक्षाने फार तर हकालपट्टी केली असेल, खुर्ची मात्र जन्मभराची होती.

लेबरच्या विरोधकांनी यातून धडा घेतला. बेव्हिन सरकारने १९२९ मध्ये राज्यघटनेत कलम ७अ घातलं: सार्वमत घेतल्याशिवाय परिषद रद्द करता येणार नाही. नुसतं एवढंच असतं तर पुढच्या सरकारने ते कलमच आधी रद्द केलं असतं. म्हणून त्यात आणखी एक मेख मारली होती, की हे कलम काढायलाही सार्वमतच लागेल. या कलमाच्या घडणीत पेडन यांचा मोठा वाटा होता.

लँग यांनी डिसेंबर १९३० मध्ये तरीही दोन विधेयकं आणली, एक ७अ काढण्याचं आणि दुसरं परिषद रद्द करण्याचं. आश्चर्य म्हणजे परिषदेने स्वतःच्या फाशीच्या हुकमावर मतविभागणीसुद्धा मागितली नाही. विरोधकांची सगळी भिस्त कोर्टावर होती. आर्थर ट्रेथोवन आणि थॉमस प्लेफेअर या परिषदेच्याच दोन सदस्यांनी दावा लावला आणि प्रतिवादी केलं ते स्वतः अध्यक्ष पेडन यांना, कारण विधेयकं गव्हर्नरच्या सहीसाठी जायची ती त्यांच्या हातून. ज्या कलमाला आकार दिला तेच मोडल्याच्या आरोपाखाली पेडन कोर्टात उभे होते! मनाई हुकूम मिळाला. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे त्या देशातल्या सर्वात वरच्या कोर्टाने, मार्च १९३१ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी तो कायम केला. विरुद्ध मत देणाऱ्या दोघांत एडवर्ड मॅकटियरनन होते, लँग यांच्या पहिल्या सरकारातले ॲटर्नी जनरल.

आणखी एक उलटी गोष्ट. जनतेने निवडलेल्या त्या विधानसभेत एकही बाई नव्हती. मिलिसेंट प्रेस्टन-स्टॅन्ली १९२५ मध्ये निवडून आल्या होत्या, पण १९२७ नंतर ती जागा रिकामी ती रिकामीच. बायका आल्या त्या ‘लोकशाहीविरोधी’ म्हणून लेबर ज्याला शिव्या घालत होता त्या सभागृहात. बरीच टाळाटाळ केल्यावर गव्हर्नर सर फिलिप गेम यांनी नोव्हेंबर १९३१ मध्ये लँग यांच्या २५ माणसांना परिषदेवर नेमलं. त्यांत कॅथरिन ग्रीन आणि एलन वेब्स्टर होत्या, परिषदेतल्या पहिल्या दोन स्त्रिया.

मग आला मे १९३२. ब्रिटिश कर्जरोख्यांवरच्या व्याजावरून लँग आणि केंद्र सरकार यांच्यात आधीपासून जुंपली होती. केंद्राने राज्याचा महसूल थेट ताब्यात घेण्याचा कायदा केला. लँग यांनी आपल्या अधिकाऱ्यांना पैसे केंद्राच्या हाती लागू देऊ नका असं बजावलं. गेम यांनी तो हुकूम मागे घ्यायला सांगितलं, लँग नाही म्हणाले आणि १३ मे रोजी गेम यांनी त्यांना बडतर्फ केलं. स्टीव्हन्स यांना सत्तेवर आणून विधानसभा विसर्जित झाली.

दोन्ही याद्यांतला फरक त्या आठवड्यात उघड्यावर आला. ९० जणांचं सदस्यत्व एका फटक्यात गेलं. ११ जूनच्या निवडणुकीत लेबरचे ५५ वरून २४ झाले आणि आर्नक्लिफचे जो केहिल यांच्यासारखे लोक घरी बसले. केहिल यांच्या नावापुढे म्हणूनच १९३२ ते १९३५ असा खंड दिसतो. परिषदेत मात्र कुणाचंही आसन हललं नाही. लँग यांनी नेमलेले २५ जण, नेमणारा सरकारातून गेला तरी, जागच्या जागी होते. कॅरुथर्स यांची वर्षं १९३२ ला संपतात म्हणून ते या धुमाळीत पडले असं समजू नये. त्यांचं त्या डिसेंबरात निधन झालं. कोर्टातलं प्रकरण पुढे अपिलात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या शेवटच्या अपील कोर्टाकडे, गेलं होतं. तिने ७अ वैध असल्याचा अंतिम निकाल दिला तो ३१ मे रोजी, लँग जाऊन अठरा दिवस झाल्यावर.

तहहयात आमदारकी शेवटी बंद केली ती लेबरने नव्हे, स्टीव्हन्स यांनी, आणि ७अ प्रमाणे सार्वमत घेऊनच. मतदान १३ मे १९३३ रोजी झालं, लँग यांच्या बडतर्फीच्या बरोबर वर्षाने, आणि जेमतेम बहुमताने कौल मिळाला. नव्या परिषदेत ६० सदस्य, बारा वर्षांची मुदत, दर तीन वर्षांनी १५ निवृत्त, आणि निवडणार कोण, तर दोन्ही सभागृहांचे आमदारच. सामान्य मतदाराला परिषदेसाठी थेट मत मिळालं ते १९७८ मध्ये. एप्रिल १९३४ पासून ही नवी व्यवस्था सुरू झाली. पेडन निवडून आले आणि १९४६ पर्यंत अध्यक्ष राहिले. ग्रीन आणि वेब्स्टर यांची जागा गेली. त्यांच्यानंतर परिषदेत बाई आली ती १९५२ मध्ये.