शब्बाथपालन (स्कॉटलंड)

शब्बाथपालन म्हणजे रविवारचा अख्खा दिवस देवाचा मानून कामधंदा, खरेदी-विक्री, खेळ, प्रवास सगळं बाजूला ठेवायचं आणि तो उपासनेत अन् विश्रांतीत घालवायचा, अशी ख्रिस्ती प्रथा. रविवारी चर्चला जाणं तर सगळ्याच पंथांत आहे, ते इथे सांगत बसत नाही. ही नोंद स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन (बिशपऐवजी पाळक आणि वडील मिळून कारभार चालवणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळ्यांबद्दल आहे, जिथे सकाळची उपासना आटोपली की रविवार सुटला असं होत नाही, रात्री झोपेपर्यंत तो दिवस प्रभूचाच असतो. आज ही प्रथा ठळकपणे दिसते ती वायव्येकडच्या लुइस आणि हॅरिसमध्ये (नावं दोन, बेट एकच), थोडीफार स्काय बेटावर, आणि मुख्य भूमीवर जिथे फ्री चर्च (१८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमधून फुटून निघालेलं) किंवा फ्री प्रेस्बिटेरियन (त्यातूनच पुढे वेगळा झालेला अधिक कडक गट) मंडळ्या टिकून आहेत तिथे.

शिकवण

आधार दहा आज्ञांपैकी चौथीचा, म्हणजे शब्बाथ पवित्र पाळ या आज्ञेचा. (कॅथलिक आणि लुथरन लोकांच्या मोजणीत हीच तिसरी येते, त्यामुळे जुनी पुस्तकं वाचताना गोंधळ होतो.) युक्तिवाद असा की उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने सातव्या दिवशी विश्रांती घेऊन तो दिवस पवित्र केला, म्हणजे ही गोष्ट मोशेच्या नियमशास्त्राच्या कितीतरी आधीची, म्हणून ती फक्त यहुद्यांपुरती नाही तर माणूस म्हणून जन्मलेल्या सगळ्यांना लागू. मग शनिवारचा रविवार कसा झाला? तर सातातला एक दिवस देवाचा हा भाग कायमचा, पण तो नेमका कोणता हे देव ठरवतो, आणि येशूच्या पुनरुत्थानानंतर तो आठवड्याचा पहिला दिवस झाला. हे सगळं व्यवस्थित मांडलं गेलं ते वेस्टमिन्स्टरच्या विश्वासकबुलीत (मंडळीने काय मानायचं याचा लेखी मसुदा), एकविसाव्या अध्यायात. ती लिहिणारी पाळकांची सभा १६४३ पासून लंडनमध्ये बसत होती, कबुली स्कॉटिश जनरल असेंब्लीने (तिथल्या चर्चची सर्वोच्च सभा) ऑगस्ट १६४७ मध्ये मंजूर केली, आणि त्याच सभेच्या १०७ प्रश्नांच्या लघु प्रश्नोत्तरावलीत ५७ ते ६२ असे सहा प्रश्न या एकाच आज्ञेवर आहेत. स्कॉटलंडमधल्या पोरांनी पिढ्यानपिढ्या हे तोंडपाठ केलंय, शाळेत आणि घरी दोन्हीकडे.

त्यातला साठावा प्रश्न महत्त्वाचा. शब्बाथ पवित्र कसा पाळायचा, तर इतर दिवशी जी कामं आणि करमणूक अगदी योग्य असते तीसुद्धा त्या दिवशी सोडायची, सगळा वेळ सार्वजनिक आणि खासगी उपासनेत घालवायचा, अपवाद फक्त गरजेच्या आणि दयेच्या कामांचा. बाहेरचे लोक पहिला भाग वाचतात आणि हा शेवटचा अपवाद सोडून देतात. गाईची धार काढणं, आजाऱ्याची सेवा, बुडत्याला वाचवायला होडी काढणं, डॉक्टर-नर्सची ड्युटी, यात पाप नाही, उलट न करणंच चूक, कारण शब्बाथ दिवशी खड्ड्यात पडलेलं मेंढरू वर काढाल की नाही असं येशूनेच विचारलंय (मत्तय १२). आता गरज कशाला म्हणायची यावरच सगळी भांडणं. रविवारी बसने किंवा ट्रामने चर्चला आलं तर चालेल का, हा फ्री प्रेस्बिटेरियन लोकांत खरोखरचा शिस्तीचा प्रश्न झाला होता, कारण तुम्ही बसमध्ये बसलात म्हणजे ड्रायव्हरचा शब्बाथ तुमच्यामुळे मोडला. आज्ञेतच चाकर, दासी, गुरंढोरं, परका माणूस सगळ्यांची नावं आहेत, तेव्हा या युक्तिवादाला वजन आहे हे मान्य करायला हवं.

विरोधातली वचनं नेहमीची: कलस्सैकरांस पत्र २:१६ आणि रोमकरांस पत्र १४:५, जिथे पौल दिवस पाळण्यावरून कोणाचा न्याय करू नका अशा अर्थाचं बोलतो. लुथरन मंडळी आणि आजचे बरेच इव्हँजेलिकल याच बाजूचे.

उगमाचा वाद

स्कॉटिश रविवार इतका कडक कुठून झाला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सगळ्यात लोकप्रिय उत्तर म्हणजे सोळाव्या शतकातले धर्मसुधारक, जिनिव्हाचा कॅल्विन आणि स्कॉटलंडचा नॉक्स. ते तपासलं तर टिकत नाही. कॅल्विनने शब्बाथाची तीन कारणं दिली: आपली कामं थांबवून देवाला आपल्यात काम करू देणं, मंडळीला एकत्र जमायला ठरलेला दिवस असणं, आणि नोकरचाकरांना विसावा. दिवसालाच पवित्र मानणाऱ्यांना तो अंधश्रद्ध म्हणायला कमी करत नाही. नॉक्स जिनिव्हात रविवारी कॅल्विनला भेटायला गेला तर कॅल्विन लॉन बोलिंग खेळत होता ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, तिला त्या काळातला पुरावा नाही, बहुधा नंतरची जोड. पण नॉक्सच्या घरी १५६२ मध्ये रविवारी रात्री बड्या पाहुण्यांची पंगत बसली होती हे इंग्लिश राजदूत रँडॉल्फच्या पत्रात आहे, म्हणजे नॉक्स तरी पुढच्या पिढ्यांइतका कडक नव्हता असं धरायला हरकत नाही.

दुसरं मत म्हणजे हे सगळं इंग्लिश प्युरिटनांकडून (इंग्लंडचं चर्च अजून शुद्ध करू पाहणाऱ्यांकडून) आलं. निकोलस बाउंड नावाच्या पाळकाने १५९५ मध्ये शब्बाथावर मोठा ग्रंथ छापला, त्याच्या आधी त्याचे सावत्र वडील रिचर्ड ग्रीनहॅम तेच शिकवत होते, आणि तिथून तो विचार पसरत पसरत वेस्टमिन्स्टरच्या सभेत पोचला. राजाशी यावरून चांगलीच जुंपली. जेम्स राजा १६१७ मध्ये स्कॉटलंडहून परतताना लँकेशायरमधून आला, तिथल्या लोकांनी रविवारी खेळू देत नाहीत अशी तक्रार केली, तर त्याने १६१८ मध्ये जाहीरनामाच काढला की उपासनेनंतर नाच, तिरंदाजी, उड्या मारणं चालेल. १६३३ ला त्याच्या मुलाने, चार्ल्स राजाने, तो परत काढला आणि १६४३ मध्ये पार्लमेंटच्या हुकुमाने तो जाहीरपणे जाळला गेला. शब्बाथ ही प्युरिटनांची नवी टूम आहे असं म्हणायची सुरुवातही याच काळात राजाच्या बाजूच्या लेखकांनी केली, त्यामुळे त्यांचं म्हणणं जपूनच वाचावं लागतं. केनेथ पार्करसारख्या विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी उलट दाखवलं की रविवारबद्दलची अशी शिकवण मध्ययुगातल्या चर्चमध्येही होतीच.

तिसरं मत स्कॉटलंडच्या मातीतलंच कारण शोधतं, आणि उपलब्ध कागदपत्रं पाहता तेच जास्त पटतं. बाउंडचा ग्रंथ यायच्या आधीच, १५७९ मध्ये, स्कॉटिश पार्लमेंटने रविवारचे बाजार आणि मजुरी बंद करणारा कायदा केला होता. त्याहून मोठा पुरावा म्हणजे किर्क सेशनच्या वह्या. किर्क सेशन म्हणजे गावातला पाळक आणि वडील यांची मंडळी, आपल्याकडच्या पंचायतीसारखीच पण शिस्त लावणारी. सेंट अँड्र्यूजची वही तर १५५९ पासूनची आहे. या वह्यांत जुने गुन्हे बघितले तर बहुतेक 'प्रवचनाच्या वेळी' झालेले असतात: प्रवचन चालू असताना दारू विकली, प्रवचन चालू असताना मासे धरले, धान्य दळलं. वडील लोक प्रवचनाच्या वेळेला रस्त्यांवर फिरून कोण घरी बसलंय ते बघायचे, सापडला की दंड, आणि पुन्हा पुन्हा केलं तर सगळ्या मंडळीसमोर पश्चात्तापाच्या स्टुलावर बसवायचे. पुढे पुढे 'प्रवचनाच्या वेळी' हे शब्द कमी होत जातात आणि 'शब्बाथ दिवशी' एवढंच उरतं. म्हणजे आधी सवय लागली, मग कायदा, आणि ईश्वरविज्ञान त्यावर शेवटी नीट बसवलं गेलं असा क्रम दिसतो. अर्थात सगळ्या गावांच्या वह्या राहिलेल्या नाहीत आणि राहिल्या त्या शहरांच्या आणि पूर्व किनाऱ्याच्याच जास्त, तेव्हा हे चित्र सगळ्या देशाला लावताना सांभाळून.

एक गोष्ट मात्र या वादात बहुतेक जण विसरतात. स्कॉटिश सुधारकांनी १५६० मध्येच नाताळ आणि संतांचे सण बंद केले, का तर बायबलमध्ये आज्ञा नाही. १५६६ मध्ये स्विस मंडळ्यांची कबुली त्यांनी मान्य केली तीसुद्धा सणांचा मुद्दा वगळून. सगळे सणवार काढून टाकल्यावर वर्षात पवित्र म्हणावे असे ५२ रविवारच उरतात, मग सगळा भार त्यांच्यावर येणार हे उघड आहे. स्कॉटलंडमध्ये नाताळची सरकारी सुट्टी १९५८ पासूनची आहे, हे ऐकून आपल्याकडच्या ख्रिस्ती लोकांनाही धक्का बसतो.

लुइस बेट

लोकसंख्या साधारण २०,०००. इथला शब्बाथ फार पुराणा असावा असं वाटतं, पण तसं नाही. मार्टिन मार्टिनने १७०३ च्या पुस्तकात लिहिलंय की लुइसचे लोक समुद्रदेवाला बिअर अर्पण करायचे. बदल झाला तो १८२० च्या दशकात, गेलिक भाषेतलं बायबल (पूर्ण झालं १८०१ मध्ये) आणि गेलिक शाळा पोचल्या, १८२४ मध्ये अलेक्झांडर मॅक्लाउड लुइसमधल्या उइगचा पाळक म्हणून आला आणि धार्मिक जागृती झाली. १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं तेव्हा बेटावरचे बहुतेक लोक फ्री चर्चमध्ये गेले.

जुन्या पद्धतीचा रविवार शनिवारी संध्याकाळीच सुरू व्हायचा. पीट (दलदलीतून कापून वाळवलेलं जळण) घरात आणून रचून ठेवायचं, विहिरीचं पाणी भरायचं, बटाटे सोलून पातेल्यात ठेवायचे, बुटांना पॉलिश, पुरुषांची दाढी, सगळं रात्री बाराच्या आत. रविवारी वाळत घातलेले कपडे दोरीवर दिसले तर गावात चर्चा. बागेतल्या झोपाळ्यांना साखळी. दोन वेळा उपासना, मधल्या वेळात बायबल, प्रश्नोत्तरं, आणि घरात थोरल्यांशी सकाळच्या प्रवचनावर बोलणं, जे लहान मुलांना कंटाळवाणं वाटायचं असं बेटावरचे लोकच नंतर हसत सांगतात. उपासनेत वाद्य नाही, फक्त स्तोत्रसंहिता, आणि तीही अशी की एक माणूस ओळ म्हणतो आणि मंडळी ती उचलून लांबवत, प्रत्येकजण आपापल्या सुरांच्या हरकती घेत गाते. हे गाणं एकदा तरी ऐकावंच, वर्णन करून समजत नाही. वर्षातून दोनदा प्रभुभोजनाचा (येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याचा) हंगाम, गुरुवार ते सोमवार: गुरुवारी उपास, शुक्रवारी 'प्रश्नाचा दिवस', ज्यात खऱ्या विश्वासाच्या खुणा काय यावर वयस्क लोक उभं राहून अनुभव सांगतात, शनिवारी तयारी, रविवारी प्रभुभोजनाचं मेज, सोमवारी उपकारस्तुती. बाप्तिस्मा झालेले असूनही आपण लायक नाही म्हणून आयुष्यभर त्या मेजाजवळ न गेलेले लोक इथे कमी नाहीत. कडकपणाची ही बाजू बाहेरून दिसत नाही.

रेल्वे, बोट, विमान

एडिनबरो-ग्लासगो लाइनवर १८४२ मध्ये रविवारची गाडी सुरू झाली, विरोधामुळे १८४६ ला बंद पडली, १८६५ ला परत आली. त्याच वर्षी ग्लासगोत नॉर्मन मॅक्लाउड या नावाजलेल्या पाळकाने भर प्रेस्बिटरीत (त्या भागातल्या पाळक-वडिलांच्या सभेत) सांगितलं की चौथी आज्ञा ख्रिस्ती माणसाला जशीच्या तशी लागू नाही, प्रभूचा दिवस पाळायचा तो वेगळ्या आधारावर, त्यावर मोठा गदारोळ झाला. २८ डिसेंबर १८७९ ला, रविवारीच, टे नदीवरचा पूल वादळात गाडीसकट कोसळून सुमारे ७५ जण गेले तेव्हा हा देवाचा कोप असं व्यासपीठांवरून बोललं गेलं. (चौकशीत निष्कर्ष निघाला तो सदोष डिझाइन, बांधकाम आणि देखभालीचा.) ३ जून १८८३ ला स्ट्रोम फेरी स्टेशनवर मच्छीमारांनी रविवारी मासे गाडीत भरू दिले नाहीत, स्टेशनच ताब्यात घेतलं, दहा जण तुरुंगात गेले.

ऑलिंपिकमधला स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल सगळ्यांना माहीत असतो. १९२४ मध्ये पॅरिसला १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून तो धावला नाही, ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्ण मिळवलं. ऐनवेळी बोटीत बसताना कळलं वगैरे सांगतात ते खरं नाही, वेळापत्रक त्याला महिनोन्‌महिने आधी माहीत होतं आणि त्याने ४०० ची तयारी त्यानुसारच केली होती.

बेटांवर गोष्टी हळूहळू सुटत गेल्या. १९६५ मध्ये स्कायला पहिली रविवारची फेरी-बोट आली तेव्हा एक फ्री चर्च पाळक गाड्यांच्या वाटेत आडवा झाला आणि पोलिसांनी त्याला उचललं. लुइसला रविवारचं विमान ऑक्टोबर २००२ पासून, स्टॉर्नोवे (लुइसचं मुख्य गाव) ते मुख्य भूमीवरच्या उलापूलची बोट १९ जुलै २००९ पासून. बोट कंपनीचं म्हणणं होतं की एका गटाच्या श्रद्धेसाठी सेवा बंद ठेवणं समानतेच्या कायद्यात बसत नाही, आणि विरोधकांचं म्हणणं की आमच्या श्रद्धेला मग त्या कायद्यात जागा कुठे. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टॉर्नोवेचं टेस्को सुपरमार्केट रविवारी उघडायला लागलं.

भारताशी संबंध

स्कॉटिश मिशनरी कोकणात बाणकोटला १८२३ मध्ये आले, जॉन विल्सन मुंबईत १८२९ मध्ये, आणि १८४३ च्या फुटीत विल्सन फ्री चर्चच्या बाजूला गेले. त्यांच्या परंपरेतल्या इथल्या मंडळ्या आता १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत, तिथे रविवार पाळला जातो पण लुइससारखा नाही. भारतात त्याच्या जवळ जाणारं उदाहरण मिझोरमचं, तिथे वेल्श प्रेस्बिटेरियन मिशनमुळे आयझॉलचा बाजार रविवारी आजही बंद असतो. पुण्याच्या स्पायसर संस्थेचे ॲडव्हेंटिस्ट शब्बाथ पाळतात पण शनिवारचा, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून, तेव्हा त्यांना या नोंदीत मोजू नये. मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० ला मिळालेली रविवारची सुट्टी पुष्कळदा मिशनऱ्यांच्या खात्यावर टाकली जाते. ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून आली, आणि रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असं त्यांचं म्हणणं होतं.