पाकळीचा ल आणि बेळगावची देवनागरी

सीमाभागात पाट्यांचा वाद निघाला की चर्चा पाटीवर कोणत्या भाषेला किती जागा, या टक्केवारीची होते, अक्षराच्या वळणाची होत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीत कानडी आणि इंग्रजीशेजारी देवनागरीची एखादी ओळ असते. शब्द दोन्ही भाषांत चालणारे असले तर ती मराठी आहे की हिंदी, हे ल आणि श कसे काढलेत त्यावरूनच कळते.

मराठी पंचांग १८३१ साली मुंबईत शिळाछापावर निघाले. पुढे १८६० च्या दशकात तिथेच निर्णयसागर नावाचा छपाईचा टाइप घडू लागला. बोरूच्या तिरप्या टोकातून उतरणारी जाड-बारीक रेघ त्याने खिळ्यांत पकडली. जुन्या रोमन सेरिफ (रेघांच्या टोकांना बारीक पाय असलेल्या) टाइपातही असाच जाड-बारीकपणा असतो, पण देवनागरीत तो वेगळ्या जागी पडतो, कारण कलम उलट्या बाजूने कापलेले असते. मराठी वाचकाला पुस्तकाचे अक्षर म्हणून जे ओळखीचे वाटते, त्याचा साचा हाच.

खरी गुंतागुंत नंतरची. १९५३ च्या लखनौच्या लिपिसुधारणा परिषदेने ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे द्यायचे ठरवले. ते टिकले नाही. पण १९६० च्या दशकात केंद्राने मानक देवनागरी ठरवताना हिंदीचा उभ्या दंडाचा ल घेतला, तो मात्र टिकला. महाराष्ट्राने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल (उभ्या दंडाऐवजी पाकळ्यांसारखी वळणे असलेला) आणि देठाचा श मान्य केले. निर्णय योग्यच होता, फार उशिरा झाला इतकेच. आणि १९५६ पासून बेळगाव दुसऱ्या राज्यात, त्यामुळे तो निर्णय इथे कोणावर बंधनकारक नाही.

त्याआधीच संगणकाने घोळ वाढवला होता. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी ल चा क्रमांक एकच. आकार ठरवायचा तो फाँटने. मजकुराची भाषा मराठी आहे असे प्रोग्रामला सांगितले आणि फाँटमध्ये तशी सोय असली, तरच पाकळी उमटते. विंडोजसोबत घरोघर पोचलेल्या मंगल फाँटने दंडाच्या ल ची सवय लावली. फ्लेक्स करणाऱ्याकडे दुपारपर्यंत दहा बॅनर द्यायचे असतात. भाषेची ती खूण तो कशाला शोधेल? ‘शेतकऱ्यांना’ मधला ऱ्य सुद्धा चुकीच्या कळा दाबल्या तर रफार होऊन ‘शेतकर्यांना’ असा डोक्यावर जातो. ऊसदराच्या मोर्चाच्या फलकावर ते फार बोचते.

कन्नड भाषेच्या कायद्यातील २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीचा साठ टक्के भाग कानडीला द्यावा लागतो. उरलेल्या जागेत इंग्रजीही बसवायची असते, त्यामुळे मराठी ओळ बारीक होते. बारीक अक्षरात निर्णयसागर वळणाच्या नाजूक रेघा लांबून दिसत नाहीत, म्हणून रंगारी आणि फ्लेक्सवाले एकसारख्या जाडीचे ठोकळेबाज फाँट घेतात. त्या फाँटांत पाकळीचा ल क्वचितच सापडतो.