पाळीव प्राण्यांचे रहस्य-विनोदपट

घरातले कुत्रे, मांजर किंवा दुसरे एखादे पाळलेले जनावर गुन्ह्याचा पहिला धागा हाती आणून देते आणि मग घरचे, शेजारचे व पोलीस त्या जनावरामागे धावत गुन्हेगारापर्यंत पोचतात, अशा कथेचे कौटुंबिक चित्रपट. गुन्हा बहुधा दरोडा, चोरी किंवा अपहरणाचा असतो. हिंसा कमी, गोंधळ जास्त आणि शेवटी गुन्हेगार गजाआड, ही या चित्रपटांची ढोबळ चौकट.

या प्रकाराचे मर्म असे, की जनावर मुळात शोध घेतच नाही. ते आपल्या भुकेमागे, वासामागे, रोजच्या सवयीमागे जाते. गुन्ह्याच्या जागी पोचते ते योगायोगाने, आणि तिथे काय पाहिले हे सांगायला त्याला तोंड नसते. प्रेक्षकाला सगळे कळलेले, जनावराला कळले की नाही ते ठाऊक नाही आणि पडद्यावरच्या शहाण्या माणसांना काहीच कळलेले नाही. सगळा विनोद या तिढ्यातून निघतो. म्हणूनच ज्या चित्रपटांत जनावर माणसासारखे बोलू लागते किंवा हिशेबीपणाने डावपेच आखते, ते लहान मुलांना आवडले तरी रहस्यपट म्हणून लंगडे पडतात.

जनावराने गुन्ह्याचा माग काढण्याची कथा मूकपटांच्या आरंभापासून आहे. १९०५ साली इंग्लंडमध्ये सेसिल हेपवर्थ यांनी काढलेल्या ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ या काही मिनिटांच्या पटात घरचे कुत्रे पळवून नेलेल्या तान्ह्या बाळाचा ठिकाणा शोधून मालकाला तिथे घेऊन जाते. त्याच्या प्रतींना इतकी मागणी आली, की मूळ निगेटिव्ह झिजून गेली आणि सारा पट पुन्हा चित्रित करावा लागला. त्यात विनोद मात्र नव्हता. विनोदी वळणाचा उत्तम नमुना म्हणजे डिस्नेचा ‘दॅट डार्न कॅट!’ (१९६५, दिग्दर्शक रॉबर्ट स्टीव्हन्सन). माशाच्या वासाने एक सयामी बोका बँक लुटणाऱ्यांच्या खोलीत शिरतो. तिथे कोंडलेली स्त्री आपल्या घड्याळामागे मदतीची हाक कोरू लागते, ती अर्धवटच राहते, आणि ते घड्याळ ती बोक्याच्या गळ्यात अडकवते. पुढे एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेचा अधिकारी रात्रभर बोक्याच्या मागावर, आणि त्या अधिकाऱ्याला मांजरांचीच ॲलर्जी! या कथेत बोका कुठेही शूर नाही. तो फक्त रोजची फेरी मारतो, आणि सरकारी यंत्रणेला त्याच्या वेळापत्रकाने चालावे लागते. ‘टर्नर अँड हूच’मध्ये (१९८९) खुनाचा एकमेव साक्षीदार असलेला लाळगळू कुत्रा अतिशय टापटिपीच्या पोलिसाच्या घरी येऊन राहतो. तिथला विनोद घराची जी दैना उडते तिच्यातून येतो.

हिंदी पडद्यावर जनावर आले ते मुख्यतः इमानाचे प्रतीक म्हणून. ‘तेरी मेहरबानियाँ’मधला (१९८५) मोती हा कुत्रा मालकाच्या खुनाचा सूड घेतो, पण त्याचा सूर सुरुवातीपासून करुण आहे. खट्याळ, आपल्याच नादात असलेला साक्षीदार आपल्याकडे क्वचित दिसतो, ही खरोखर उणीव आहे. मराठीत या प्रकाराच्या जवळ जातो तो उमेश कुलकर्णी यांचा ‘वळू’ (२००८). तिथे जनावर आरोपीच्या जागी आहे. गावातल्या नासधुशीचे खापर डुरक्या नावाच्या वळूवर फुटते आणि त्याला पकडण्याच्या खटाटोपात गावच उघडे पडते.

पडद्यावरचे एक जनावर बहुधा सारख्या दिसणाऱ्या दोन-तीन जनावरांनी मिळून साकारलेले असते. एक धावण्यात तरबेज, एक शांत बसणारे, एक उडी मारणारे. खाऊच्या आमिषाने प्रत्येकाकडून छोटी छोटी कृती करून घेतात. जनावराचा ‘अभिनय’ घडतो तो संकलनात: मांजराचा निर्विकार चेहरा, मग उघडी तिजोरी, पुन्हा तोच चेहरा, संशय प्रेक्षक स्वतःच भरतो.

न्यायालयाचा दृष्टिकोन या चित्रपटांपेक्षा फार कडक आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने श्वानपथकाने काढलेल्या मागावरचे आक्षेप नोंदवले आहेत. कुत्रे शपथेवर साक्ष देऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, आणि कुत्र्याच्या अनुमानावर माणसाचे स्वातंत्र्य टांगू नये. चांगला पटकथाकार ही मर्यादा पाळतो. त्याच्या कथेत जनावर फक्त दारापर्यंत नेते, दारामागचा पुरावा माणसांनाच गोळा करावा लागतो.

कोल्हापूरला जनावरे आणि कॅमेरा यांचा सहवास नवा नाही. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ साली इथेच ‘प्रभात’ फिल्म कंपनीची स्थापना केली. तिच्या १९३२ च्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये दुर्गा खोटे यांच्या राणी किलोतळेसोबत चक्क पाळीव चित्ता वावरतो. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळले जात, त्यामुळे या गावाला ते दृश्य परके नव्हते. पुढे भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओतून ऐतिहासिक पट निघाले, त्यांत घोडे आले. घरगुती जनावर नायक म्हणून मात्र मागेच राहिले.

खरे तर या प्रकाराला लागणारे सारे सामान कोल्हापूरच्या पेठांत पडून आहे. अशा कथेत चौकस शेजारी अत्यावश्यक असतात, आणि मंगळवार पेठेत किंवा शिवाजी पेठेत तालमीच्या कट्ट्यावरून सुटलेली बातमी पोलीस चौकीच्या आधी गंगावेस चौकात पोचते. तिथे गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात, म्हणजे म्हैस भर वस्तीत, गर्दीत उभी राहायला सरावलेली. दिवाळीच्या पाडव्याला शिंगे रंगवून, सजवून म्हशी मिरवतात आणि मालकाच्या मोटारसायकलमागे पळवतात. गाडीचा आवाज ओळखून म्हैस तिच्यामागे सुटते. ती गाडी चोरीला गेली, चोराने रंग आणि नंबरप्लेट बदलली, पण आवाज तोच राहिला, तर महाद्वार रोडवर पुढे काय होईल ते कोल्हापूरकराला सांगायला नको. कुत्र्या-मांजराच्या उसन्या कथांपेक्षा हा साक्षीदार इथल्या मातीतला आहे.

चित्रीकरणासाठी मात्र नियम काटेकोर आहेत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० आणि त्याखालील २००१ चे नियम यांनुसार जनावराची नोंदणी, पशुवैद्याचा दाखला आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते. मंडळाचे ना-हरकत पत्र असल्याखेरीज सेन्सॉरकडे पाऊल पुढे पडत नाही. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड आणि बैल (महाराष्ट्रातल्या कायदेशीर बैलगाडा शर्यती वगळता) यांना खेळासाठी शिकवण्यावर बंदी आहे. म्हैस या यादीत नाही, पण तिला दमवेपर्यंत पळवणे नियमात बसणार नाही. पाठलागाचे दृश्य लहान लहान तुकड्यांत घेऊन जोडावे लागेल.