तोफेचं मागचं दार

२ जानेवारी १८७९. मार्मारा समुद्रात 'थंडरर' या ब्रिटिश युद्धनौकेवर तोफांचा सराव चालला होता. फिरत्या बुरुजातल्या दोन तोफा एकदम डागायच्या होत्या. एक उडाली, दुसरी उडालीच नाही. जोडीच्या आवाजात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. या ३८ टनी तोफा तोंडाकडून भरायच्या. दारू-गोळा ठासणारा गजही पाण्याच्या दाबावर चालायचा, त्यामुळे आधीचा बार आत तसाच आहे हे हाताला जाणवायला वाव नव्हता. त्यावर दुसरा बार ठासला गेला. पुढच्या वेळी तोफ फुटली आणि ११ माणसं गेली. नंतर तिच्या जोडीची तोफ लंडनजवळच्या वुलिचच्या शस्त्रागारात नेऊन मुद्दाम दोन बार भरले, तीही तशीच फुटली.

तोफ मागून भरायची असती, तर दार उघडताच आतला गोळा दिसला असता. मग जगातलं सर्वांत बलाढ्य आरमार १८७९ सालीही तोंडाकडूनच का भरत होतं? कारण मागचं दार त्यांनी करून पाहिलं होतं आणि हात पोळून सोडून दिलं होतं.

विल्यम आर्मस्ट्राँगची मागून भरायची तोफ ब्रिटिश लष्कराने १८५८ मध्ये घेतली. नळीत आतून पिळाच्या खाचा आणि गोळ्यावर शिशाचं आवरण. तोंडाकडून भरायचा गोळा नळीत सैलच असावा लागतो, नाहीतर आत सरकणार कसा? मागून भरला तर तो किंचित जाड ठेवता येतो. शिसं खाचांमध्ये रुततं, गोळा गरगरत बाहेर पडतो आणि सरळ जातो. नेम अचूक होता. घोटाळा दारात होता. वरून एक जड ठोकळा खाली सोडायचा आणि मागून स्क्रू आवळायचा. १८६३ मध्ये जपानच्या कागोशिमा बंदरावर मारा करताना २१ तोफांनी ३६५ बार काढले, त्यात २८ अपघात झाले. ठोकळे उडून बाहेर आले. ब्रिटिश पुन्हा तोंडाकडे वळले.

दार बंद ठेवणं इतकं अवघड का? दारू पेटली की आतला दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून वर जातो. केसाएवढी फट राहिली तरी तापलेला वायू त्यातून सुसाटतो आणि धातू कापत जातो. आजची फट उद्या रुंद होते.

तिकडे जर्मनीत एसेनला आल्फ्रेड क्रुप ओतीव पोलादाच्या मागे लागला होता. त्याची पहिली पोलादी तोफ १८४७ ची. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याने तोफेबरोबर सुमारे दोन टनांचा पोलादाचा एकसंध ठोकळा मांडला. सेनापती मात्र साशंक होते, आणि त्यांची भीती मला पटते. कांस्याची तोफ फुटण्याआधी फुगते, इशारा देते. पोलादात ओतताना दोष राहिला तर ते अचानक तडकतं. १८५९ मध्ये प्रशियाने सुमारे ३०० नळ्या मागवल्या, पण १८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात काही तोफा फुटल्याच. क्रुपचं दार म्हणजे नळीच्या बुडातून आडवी सरकणारी पाचर. पाचरीच्या खाचेचे कोपरे काटकोनी होते, आणि ताण नेमका अशा कोपऱ्यात साचतो. तडा तिथूनच धरतो. पुढे पाचरीची पाठ गोल केली गेली. १८७० मध्ये फ्रान्सविरुद्धच्या युद्धात, सेदानच्या लढाईत, या तोफांसमोर फ्रेंचांच्या तोंडाकडून भरायच्या कांस्य तोफा उघड्या पडल्या.

नळी नुसती जाड करूनही भागत नाही. दाबाचा बहुतेक भार आतला थर सोसतो, बाहेरचा धातू जवळजवळ रिकामाच बसतो. यावरचा इलाज मी लहानपणी गावच्या लोहाराकडे पाहिला आहे. बैलगाडीच्या चाकाची धाव तो गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद तापवायचा, चाकावर चढवायचा आणि पाणी ओतायचा. वाफेचा लोट उठायचा आणि आकसणारी धाव चाक असं आवळायची की आरे करकरायचे. तोफेच्या नळीवरही अशीच तापवलेली कडी चढवत. आतला थर आधीच दाबलेला असतो. बार झाला की आधी तो दाब फिटतो, मगच धातूवर ताण यायला लागतो.

दाराचा सर्वांत देखणा तोडगा फ्रेंच अधिकारी शार्ल रागों द बांज याने १८७२ मध्ये काढला. दार म्हणजे जाड स्क्रू, पण त्याचे आटे आलटून पालटून पट्ट्यांनी तासून काढलेले. तो सरळ आत ढकलायचा आणि थोडासा फिरवायचा की आटे अडकतात. त्याच्या पुढे ॲस्बेस्टॉस आणि चरबीची एक मऊ गादी, आणि गादीपुढे अळंबीच्या आकाराचं पोलादी डोकं. बार झाला की वायू डोक्याला मागे रेटतो, डोकं गादी चेपतं आणि गादी कडांनी फुगून नळीला घट्ट बसते. कुकरचं आतून लागणारं झाकण आठवा: वाफ जितकी कोंडते, तितकं ते रिंगवर दाबून बसतं. इथेही दाब जितका जास्त, तितकं दार घट्ट. जो वायू फट शोधत होता, त्यालाच फट बुजवायला लावलं.

'थंडरर'च्या अपघातानंतर ब्रिटिश आरमार मागच्या दाराकडे परतलं, ते याच स्क्रू आणि गादीसह. भारतीय लष्कराच्या एम-७७७ तोफेचं मागचं दार आज उघडलं, तर स्क्रूच्या पुढे ते अळंबीसारखं डोकं आणि त्यामागची गादी दिसते. ॲस्बेस्टॉस तेवढं गेलं आहे.