पाळीव फेझंटचे आजार : ओळख आणि उपचार

फेझंट हा कोंबडी, मोर, तितर यांच्याच कुळातला पक्षी, त्यामुळे त्याचे आजारही बरेचसे कोंबड्यांचेच असतात आणि औषधंही तीच. फरक आहे तो स्वभावात. कोंबडी हजारो वर्षं माणसाजवळ राहिलेली, फेझंट मात्र पिंजऱ्यात जन्मला तरी मनाने रानातलाच, आणि रानात जो पक्षी आजारी दिसतो त्यालाच शिकारी आधी उचलतो म्हणून हा दुखणं शेवटपर्यंत लपवतो. माणूस जवळ आला की मान ताठ, पिसं चापून, डोळे उघडे, आणि मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. "काल तर चांगला होता" हे वाक्य फेझंटवाल्यांकडून म्हणूनच इतक्या वेळा ऐकू येतं. खरं तर तो कालही आजारीच असतो.

आपल्याकडे घरी दिसतात ते मुख्यतः गोल्डन, सिल्व्हर, रिंगनेक आणि कधीकधी लेडी अ‍ॅमहर्स्ट, सगळे परदेशी मूळ असलेले. मोर, मोनाल, ट्रॅगोपॅन हे आपले देशी फेझंट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, ते घरी पाळता येत नाहीत, त्यामुळे ही नोंद त्यांच्याबद्दल नाही.

तपासणीची सुरुवात लांबूनच करायची. खिडकीतून किंवा झाडामागून दहा-पंधरा मिनिटं बघा, तुम्ही नाही असं त्याला वाटलं की तो खरा दिसतो: पिसं फुगवून एका कोपऱ्यात, डोळे अर्धे मिटलेले, शेपटी श्वासाबरोबर वरखाली होतेय, बाकीचे खाण्यावर तुटून पडले तरी हा मागेच. नंतर अंधार पडल्यावर शांतपणे पकडून छातीचं मधलं हाड चाचपायचं. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर ठीक, हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं तर पक्षी बऱ्याच दिवसांपासून खंगतोय, वरच्या पिसांमुळे ते दिसत नव्हतं एवढंच. निरोगी असताना वजन करून लिहून ठेवलेलं असेल तर फारच बरं. गोल्डनचा नर साधारण ६०० ते ७०० ग्रॅम, रिंगनेकचा नर सव्वा किलोच्या आसपास. पकडताना शेपटीला हात लावू नका, घाबरला की पिसं हातात सोडून देतो, दोन्ही पंख अंगाशी धरून खालून पायांना आधार द्यायचा.

शिट बघायची सवय लावून घ्या. घट्ट, हिरवट-तपकिरी आणि टोकाला पांढरं हे नॉर्मल. मधूनच एखादी चॉकलेटी, चिकट, उग्र वासाची पडते तीसुद्धा नॉर्मलच, ती आंधळ्या आतड्यातून येते, तिला जुलाब समजून लगेच अँटिबायोटिक चालू करणारे खूप आहेत. पिल्लांची पाण्यासारखी, फेसाळ किंवा रक्त-शेंबूड मिसळलेली शिट मात्र धोक्याची. दोन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांमध्ये रक्ती हगवण म्हणजे कॉक्सीडिओसिस सगळ्यात जास्त, फेझंटमध्ये रक्त प्रत्येक वेळी दिसतंच असं नाही. यावर अ‍ॅम्प्रोलियम किंवा टोलट्राझुरिल चालतं. इथे एक गोष्ट नीट वाचा. अ‍ॅम्प्रोलियम काम करतं ते परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू न देऊन, आणि आपल्याकडे "अशक्तपणा आलाय" म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स ओतलं जातं, म्हणजे औषधाचा परिणाम आपणच मारला. व्हिटॅमिन द्यायचंच तर कोर्स संपल्यावर.

गंधकासारखी पिवळी शिट पडत असेल, पक्षी सुस्त असेल तर ब्लॅकहेडचा संशय घ्यावा, नावात काळं डोकं असलं तरी डोकं काळं पडेलच असं नाही. याचा परजीवी एका बारीक जंताच्या अंड्यात बसून येतो आणि ती अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, गांडुळांतही साठतात. गावठी कोंबड्या हा जंत सहज बाळगतात आणि स्वतः धडधाकट राहतात, म्हणून कोंबड्यांच्या जुन्या खुराड्याच्या जागेवर फेझंटचा पिंजरा बांधू नये, दोघांना एकत्र तर अजिबात सोडू नये. डॉक्टर मेट्रोनिडाझोल देतात, त्या पक्ष्याची अंडी मग खायची नाहीत, आणि सोबत जंताचं औषध हवंच नाहीतर पुन्हा तेच.

चोच उघडून श्वास घेणं, यावर जितकी गफलत होते तितकी कशावरच होत नाही. एकच लक्षण, चार कारणं. पहिलं साधं ऊन: गोल्डन हा मध्य चीनच्या डोंगरी जंगलातला, त्याला विदर्भातला मे महिना झेपत नाही, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकतो, सावली आणि पाणी मिळालं की थांबतो. दुसरं गेपवर्म, श्वासनळीत राहणारे लाल जंत, नर-मादी कायमचे चिकटलेले त्यामुळे वाय अक्षरासारखे दिसतात. यात पक्षी मान लांब करून जांभई दिल्यासारखं तोंड उघडतो, डोकं झटकतो, खोकतो. गांडुळं, गोगलगायी खाऊन हे जंत येतात म्हणून मातीच्या रनमध्ये म्हणजे पिंजऱ्याला जोडलेल्या मोकळ्या आवारात पावसाळ्यात जास्त सांभाळायचं. शिटेत अंडी दिसायला लागण झाल्यापासून दोन-अडीच आठवडे लागतात, म्हणजे पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी लक्षणं असतील तर विषय सोडू नका, पुन्हा तपासा. फेनबेंडाझोल किंवा फ्लुबेंडाझोल खाद्यातून काही दिवस सलग द्यावं लागतं. तिसरं मायकोप्लाझ्मा या जंतूचा आजार, ज्याला सीआरडी म्हणजे जुनाट श्वसनरोग म्हणतात: डोळ्याखाली फुगवटा, डोळ्यात फेस, नाकातून पाणी. टायलोसिन, डॉक्सीसायक्लिनने आराम पडतो पण जंतू अंगात राहतो, असा पक्षी ब्रीडिंगला घेऊ नये आणि विकू तर मुळीच नये. चौथं बुरशी, म्हणजे अ‍ॅस्परजिलोसिस, कुबट भुशातून किंवा बुरसटलेल्या मक्यातून येते. नाक कोरडं, आवाज बसलेला, वजन उतरत जातं, अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, इट्राकोनाझोलसारखं औषध आठवडेच्या आठवडे द्यावं लागतं आणि तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

या चारांपैकी नेमकं कोणतं हे ठरवल्याशिवाय पाण्यात पावडर टाकणं म्हणजे वेळ घालवणं. ताजी शिट डबीत घेऊन जनावरांच्या दवाखान्यात दिली तर मायक्रोस्कोपखाली जंत आणि कॉक्सीडिया थोड्या वेळात कळतात, खर्चही फार येत नाही. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्यात औंधचा रोग अन्वेषण विभाग ही माहितीची ठिकाणं आहेत. औषधांच्या आपसातल्या भांडणांकडेही लक्ष द्या: ब्रॉयलरच्या खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन ही कॉक्सीडिओसिस रोखणारी औषधं असतील तर त्यासोबत टायमुलिन हे अँटिबायोटिक दिल्यास पक्ष्याला विषबाधा होते, आणि डॉक्सीसायक्लिन चालू असताना शिंपल्यांचा चुरा किंवा कॅल्शियम दिलं तर औषध अंगी लागत नाही.

डॉक्टर मिळेपर्यंत आजारी पक्षी वेगळा ठेवा, खोक्यात किंवा छोट्या पिंजऱ्यात, एका बाजूला बल्ब लावून ३० अंशांच्या आसपास ऊब, दुसरी बाजू थोडी गार म्हणजे त्याला सरकता येईल. तीन बाजूंनी कापड टाका कारण नुसत्या घाबरण्यानेही फेझंट जातो. पाणी पाजायचं ते चोचीच्या कडेला थेंब थेंब, सिरिंज घशात रिकामी केली तर पाणी श्वासनळीत जातं.

एकमेकांची पिसं टोचणं हाही आजारासारखाच हाताळावा लागतो: गर्दी, भगभगीत उजेड आणि कमी प्रोटीन ही कारणं. पिल्लांना सुरुवातीला २६ ते ३० टक्के प्रोटीन लागतं, अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य म्हणजे लेयर मॅश त्यांना पुरत नाही. फेझंट उडी मारून डोकं फोडून घेतात म्हणून छताला मऊ जाळी लावा.

मानमोडी म्हणजे राणीखेतला औषध नाही, मान पिळवटते, हिरवी हगवण लागते, पाय लुळे पडतात. कोंबड्यांचीच लासोटा लस फेझंटलाही देतात, ती बिनक्लोरीनच्या पाण्यात कालवून दोनेक तासांत संपवायची. एकाच वेळी बरेच पक्षी पटापट मरायला लागले तर बर्ड फ्लू डोक्यात ठेवावाच लागतो. देशातला पहिला उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नवापूरला झाला होता, २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात पुन्हा दिसला. अशा वेळी मेलेला पक्षी घरी चिरायचा नाही, फेकायचा नाही, पशुसंवर्धन विभागाला कळवायचं, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात.

एकटाच पक्षी मेला आणि तशी काही शंका नसेल तर मात्र त्याचं पोस्टमार्टेम जरूर करून घ्या, पुरण्याची घाई करू नका. दुहेरी पिशवीत घालून बर्फावर ठेवायचा, फ्रीझरमध्ये नाही, गोठला की आतल्या पेशी फुटतात आणि तपासणी अर्धवट राहते. २४ तासांच्या आत पोचवा, सोबत त्याचं वय, खाद्य, आतापर्यंत दिलेली औषधं हे कागदावर लिहून द्या, बाकीच्या पक्ष्यांचा इलाज त्यावरूनच ठरतो.