सोलापूरची भाकरी आणि काळ्या रानातली ओल

सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातही सप्टेंबरचा वाटा मोठा. म्हणून इथं शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पाऊस सरत आल्यावर पेरतात. पुढं थंडीभर तो काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर वाढतो. रान भेगाळायला लागलं की कोळपं, म्हणजे ओळींमधली माती हलवणारं अवजार, फिरवून भेगा बुजवायच्या, म्हणजे ओल उडत नाही. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हे त्यातूनच आलं. बांधाकडेला काटेरी करडई लावली की जनावर आत शिरत नाही आणि घरचं तेलही निघतं.

पिकलेलं टिकवायला पेव होतं. जमिनीत खोल खणलेलं, तोंड अरुंद, आतून कडब्याचा थर. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा; विझला तर आतली हवा विषारी. 15 व्या शतकातल्या दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाची धान्यकोठारं रयतेला खुली केली, असं परंपरा सांगते. वाईट वर्षासाठी साठा राखण्याची समज या मातीत किती जुनी आहे, ते त्यातून कळतं.

1877 मध्ये सोलापुरात ‘जुनी मिल’ ही कापड गिरणी सुरू झाली, शहर वाढलं. त्याला पोसलं याच शाळूनं. कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते, चुलीची गरज नाही. शेंगदाण्याच्या शेंगाभाजीत चुरली की जेवण झालं. हवामान बदलाला तोंड देणारं शहरी अन्न म्हणतात ते मला तरी हेच वाटतं.

संशोधनानंही हीच वाट धरली. 1933 मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचं केंद्र आलं आणि त्याच दशकात मोहोळला स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेलं ‘एम 35-1’ वाण पुढं आलं. मंगळवेढ्याच्या मालदांडीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मधल्या काळात मात्र बरंच निसटलं. 1972 च्या दुष्काळात लोकांनी रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, खाल्ला. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, पाणी आलं आणि पाण्यामागोमाग ऊस आला. शाळू अजूनही बहुतेक ठिकाणी हातानं उपटून काढतात. फेब्रुवारीच्या उन्हात तळहात सोलून निघतात, त्या कामाला माणूस मिळत नाही, आणि शहरात भाकरीला मागणी असूनही शेतकरी पेरा कमी करतो.